उन्हाळ्याचं सगळ्यांनी सांगितलं होतं

माझं लग्न खान्देशात ठरलं तेव्हा राजापूरच्या आमच्या वाडीतल्या एकूण एक बाईने मला उन्हाळ्याबद्दल सावध केलं. अगो तिकडे सूर्य भाजून काढतो, सुती साड्याच घे, माठ दोन ने. मामीने कोकमाचं आगळ भरून दिलं, चार बाटल्या. आजीने पदराच्या टोकाला कांदा बांधून फिरायला सांगितलं आणि मी हो म्हटलं, कारण आजीला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. लग्न मे महिन्यात जळगावला झालं, 44 अंशात, हॉलमध्ये सहा मोठे कूलर आणि नवरदेवाची सप्तपदीतली पावलं जरा जास्तच कूलरच्या दिशेने पडत होती. ते सगळं मी पार पाडलं. कांदा नव्हता बांधलेला पण पार पाडलं.

म्हणजे उन्हाळ्याचा सिलॅबस माझा पूर्ण होता. हिवाळ्यावर पण पेपर असतो हे मात्र एकाही माणसाने सांगितलं नाही, ना माहेरच्या ना सासरच्या. माहेरच्यांना माहीतच नव्हतं आणि सासरच्यांना वाटलं यात सांगायचंय काय.

आता आमच्याकडची थंडी म्हणजे काय ते सांगते. पंखा पाचावरून दोनवर आणायचा आणि पहाटे पायाशी पडलेली चादर वर ओढायची, संपली थंडी. अख्ख्या घरात मिळून एक स्वेटर होता, बाबांचा, काशीयात्रेसाठी घेतलेला, तो डांबराच्या गोळ्यांमध्ये झोपलेला असायचा. आई विणकाम शिकलेली आहे पण रत्नागिरी जिल्ह्यात त्या कलेचा उपयोग एवढाच की टीव्हीवर घालायला क्रोशाचा रुमाल.

तर पहिल्या वर्षी डिसेंबरात माहेरून परत येताना मी पहाटे चार वाजता भुसावळला उतरले. अंगात कॉटनचा कुर्ता, ओढणी, पायात सँडल. प्लॅटफॉर्मवर माणसं अशी दिसेनातच, नुसती गाठोडी पडलेली, आणि मग त्यातल्या एका गाठोड्यातून बिडीचा धूर निघाला तेव्हा कळलं की हे प्रवासी आहेत. बाहेर नवरा बाईक घेऊन उभा होता म्हणे. म्हणे, कारण मला तो ओळखू आला नाही. कानटोपी, तिच्यावरून मफलर, त्याच्यावर हेल्मेट, जर्किनवर परत एक जर्किन. त्या आकृतीने "चल, बस" म्हटलं, आवाज ओळखीचा वाटला म्हणून बसले. भुसावळहून यावलकडे येताना तापीचा पूल लागतो, त्या पुलावर मी त्याला जन्मात पहिल्यांदा इतकं घट्ट धरलं की तो एकदम खूश झाला आणि गाडी हळू केली, प्रेमाने. मी मागून ओरडतेय की अरे पळव, पळव, आणि हेल्मेटमध्ये त्याला काही ऐकू येत नाहीये. माझ्यासाठी शाल आणायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. केळीच्या रोपांना झाकायचं कापड मात्र त्याने त्याच आठवड्यात आणलं होतं, त्याच्यावर पुढे येतेच.

घरी आल्यावर मला वाटलं आता आत गेलं की ऊब. आणि इथे खरा धक्का बसला. आत बाहेरपेक्षा जास्त थंड होतं!

हे मला समजायला दोन हिवाळे गेले. आमचं घर आहे अर्धं जुनं धाब्याचं आणि अर्धं नवीन स्लॅबचं. जुन्या भागाच्या मातीच्या भिंती इतक्या जाड की कोनाड्यात कोपरापर्यंत हात जातो, खिडक्या लहान, छत मातीचं, सगळी अक्कल एका गोष्टीसाठी वापरलेली, की ऊन आत येता कामा नये. नवीन भागात फरशी अशी घातली की मे महिन्यात तिच्यावर उघड्या पाठीने पडलं तर गार वाटावं. म्हणजे घर बांधताना पणजोबांपासून नवऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या डोळ्यासमोर फक्त मे होता. जानेवारी नावाचा महिना असतो हे कॅलेंडरवाल्यांनी कळवलं असणार पण मिस्त्रीपर्यंत पोचलं नाही. मे महिन्यात जे ऊन नको म्हणून बाहेर ठेवलं ते जानेवारीत आत या म्हटलं तरी येत नाही, त्यामुळे सकाळी आठला अख्खं घर उठून ओट्यावर येतं. आबा बाजेवर, मोठ्या आई खुर्चीत, जिजी तांदूळ निवडत, कुत्रा, मी. उन्हाचा पट्टा सरकला की बाज सरकते, बाज सरकली की जिजीचं सूप सरकतं, अकरा वाजेपर्यंत आमचा संसार ओट्यावरून निंबाखाली आणि निंबाखालून समोरच्यांच्या दारात पोचलेला असतो आणि समोरचे त्यांच्या बाजेसकट आमच्या मागच्या अंगणात.

(जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. आबा सासरे. मोठ्या आई आजेसासूबाई, वय विचारलं तर "तुह्या सासऱ्याले विचार" म्हणतात.)

आणि कूलर. बाकीच्या महाराष्ट्रात कूलर ही वस्तू असेल, खान्देशात तो घराचा अवयव आहे. आमच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा भला मोठा कूलर कायमचा बसवलाय, खिडकीची झडप त्याच्यासाठीच काढून टाकलेली, बाहेरून तीन बाजूंना गवताच्या जाळ्या आणि आतून पंखा. मी भाबडेपणाने विचारलं की हिवाळ्यात हा काढून ठेवत नाहीत का. जिजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "काढाचा कशाले व? होयीले लावाच लागते." म्हणजे होळीला परत लावायचाच, तर चार महिन्यांसाठी कोण काढणार. मग त्या भोकातून रात्रभर सातपुड्याकडचा वारा थेट माझ्या पायावर. पत्नीचा पलंग खिडकीच्या बाजूला असावा असा काही शास्त्राधार या घरात होता, मी तो दुसऱ्याच दिवशी मोडीत काढला. नवरा खिडकीकडे. त्याच्याकडे दोन जर्किन आहेत.

जिजींनी त्या भोकात एक गोणपाट आणि त्यांचं जुनं लुगडं कोंबून दिलं. तेवढ्याने वारा निम्मा झाला आणि उरलेला निम्मा शिट्टी वाजवत यायला लागला.

नवरा बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे, त्याला थंडी वाजत असतानाही कारणं सांगायची सवय आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते आणि ती अडवायला ढग नसतात, शिवाय उत्तरेकडचे वारे, शिवाय डोंगरावरची गार हवा जड असते ती रात्री उतरून पायथ्याशी येते. पायथा म्हणजे आम्ही. "तुमच्याकडे समुद्र म्हणजे गोधडी आहे, आमच्याकडे गोधडीच नाही" असं त्याने एकदा रात्री दीड वाजता समजावलं. मी म्हटलं हे बायोडेटात का नव्हतं लिहिलं, तिथे 'स्वतःची बागायत, ठिबक, ट्रॅक्टर' एवढंच होतं.

गंमत अशी की याच कोरड्या हवेपायी दुपारी परत 29-30 अंश. म्हणजे सकाळी 9, दुपारी 30. एकाच दिवसात महाबळेश्वर आणि मुंबई दोन्ही करून यायचं आणि कपडे एकच घालायचे. मी तालुक्याच्या एका शाळेत शिकवते, सकाळची शाळा, स्कूटीवर अकरा किलोमीटर. निघताना स्वेटर, त्यावर शाल, त्यावर नवऱ्याचं रेनकोट (वारा लागत नाही, करून बघा), हातमोजे, मोज्यांवर मोजे. पोचेपर्यंत बोटं अशी होतात की हजेरीपटावर सही माझी असून माझी वाटत नाही, बँकेने तर परतच पाठवली असती. वर्गात पोरं सगळी माकडटोपीत. हजेरी घेताना समोर नुसते 42 जोड डोळे. नोव्हेंबरात नवीन आलेल्या एका मुलाचा चेहरा मी फेब्रुवारीत पहिल्यांदा पाहिला आणि त्याला विचारलं बाळ तू कोणत्या वर्गातला. मधल्या सुट्टीपर्यंत ऊन तापतं, मग सगळे स्वेटर मैदानाच्या कडेला एका ढिगात, सगळे एकाच मरून रंगाचे. शाळा सुटताना जो हाताला येईल तो घालून पोरं घरी. पालकसभेत एका बाईंनी तक्रार केली की पोराचा स्वेटर दर आठवड्याला लहान होतोय. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं मुलं वाढतात हो या वयात.

आंघोळ हा वेगळा विषय आहे. अंगणात तांब्याचा बंब, त्यात जिजी पहाटे पऱ्हाट्या सरकवतात (कपाशी निघाली की ज्या वाळक्या काड्या राहतात त्या, वर्षभराचं जळण), पाणी इतकं कढत की शिव्या द्याव्यात, तिथपर्यंत स्वर्ग. पण न्हाणीघर अंगणाच्या त्या टोकाला आणि आमची खोली या टोकाला. मध्ये एकोणीस पावलं. मी मोजलीयेत, रोज मोजते, ओल्या केसांनी. त्या एकोणीस पावलांत मी कुलदैवत, ग्रामदैवत आणि ज्यांनी हे स्थळ आणलं ते मामा, तिघांचं स्मरण करते.

आणि खोबरेल तेल! माहेरहून घाणीचं तेल आणते दर वेळी. शाळेत विज्ञानात शिकवते पण मी, की खोबरेल 24 अंशाच्या आसपास गोठतं, कोकणात जानेवारीत पहाटे घट्ट होतं आणि आठाला परत पातळ. इथे डिसेंबरात गोठलं ते सरळ दुपारपर्यंत मेणबत्ती. बाटली उलटी केली तरी ढिम्म. चमच्याचा दांडा घालून कोरायचं, तळहातावर घ्यायचं आणि ते विरघळायची वाट बघायची तर हातच त्याच्यापेक्षा गार. एकदा बंबाच्या कठड्यावर बाटली ठेवली, विसरले, बूच वितळून आत गेलं. सोलकढीचं तर बोलायलाच नको. मी कौतुकाने करून वाढली, नारळाच्या दुधाचा सगळा स्निग्धांश वर येऊन गोठला, आबांनी वाटीत बोट घालून तो पापुद्रा उचलला, निरखून बघितला आणि म्हणाले, "साय चांगली आली हो." संपूर्ण वाटी प्यायले बिचारे. मग दोन दिवस सुंठेचा काढा.

आता केळी. इथे माझी भाषेची पण परीक्षा होती, कारण इकडच्या भागात बोलताना ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, जळगावचं जयगाव. पहिल्याच हिवाळ्यात जिजी चेहरा पाडून आत आल्या आणि म्हणाल्या, "केयीले हिव लागलं व." मला वाटलं केयी म्हणजे कोणीतरी नात्यातली, एवढ्या मोठ्या गोतावळ्यात मला अजून सगळे पाठ नव्हते. मी काळजीने विचारलं, डॉक्टरकडे नेलं का त्यांना? जिजींनी हे पुढचं वर्षभर प्रत्येक लग्नात, बारशात आणि एका दहाव्यात सुद्धा सांगितलं.

पण केळीला खरंच हिव लागतं. 12-13 अंशांच्या खाली उतरलं की झाड वाढायचंच थांबतं. पोंगा, म्हणजे नवीन पानाची गुंडाळी, उलगडत नाही, पानावर पिवळट पट्टे येतात, त्याला इथे चरका म्हणतात, आणि ज्या झाडाची निसवण, म्हणजे घड बाहेर पडायची वेळ, ऐन थंडीत आली त्याचा घड गळ्यातच अडकतो, बाहेर यायलाच तयार नाही. मला त्या झाडांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, मी पण गोधडीतून अशीच अर्धी बाहेर येऊन अडकते. मग केळीची जी बडदास्त असते ती बघून मला पहिल्या वर्षी चक्क जळफळाट झाला होता. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, लहान रोपांना एकेकाला पांढरं क्रॉप कव्हर, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं. मोठ्या घडांना पिशव्या. वारा अडवायला शेताच्या उत्तरेला गजराज गवताची दाट भिंत. रात्री बांधावर काडीकचरा पेटवून धूर. रात्रीचं पाणी, म्हणजे मुळांशी जमीन जरा उबदार राहते. हे सगळं करून नवरा रात्री एकला घरी येतो आणि मी म्हणते अरे खिडकीतून वारा येतोय, तर म्हणतो, "एवढं काय, डोक्यावरून घे."

रात्रीचं पाणी म्हटलं की लाईट आलीच. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्याआड रात्रीची असते. गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरायचं ते रात्री, पाय चिखलात, वर आभाळ मोकळं. ही गोष्ट मात्र मला विनोदी करून सांगता येत नाही, प्रयत्न केलाय. आबा साठीचे होईपर्यंत जात होते. आता नवरा जातो, बॅटरी, काठी आणि अंगावर घरातलं जे काही लोकरीचं असेल ते सगळं. मध्ये नाल्याकडे बिबट्या दिसल्याची बातमी होती, मी घाबरून जागी, तर मोठ्या आई म्हणाल्या झोप व, त्याने इतके कपडे घातलेत की बिबट्याला आत माणूस सापडेपर्यंत उजाडेल.

आणि याच काळात माहेरहून बाबांचे फोन. बाबांची हापूसची 60 कलमं. आंब्याला मोहोर यायला थंडी लागते, त्यामुळे तिकडे पारा जरा खाली आला की बाबा लहान मुलासारखे खूश. "काय मस्त थंडी पडलीय गो, मोहोर फुटतोय!" आणि इकडे आबा बाजेवर डोक्याला हात लावून, चरका आला म्हणून. एकदा दोघांचं फोनवर बोलणं चाललं होतं, बाबा म्हणाले देवाच्या कृपेने यंदा थंडी जोरात आहे आणि आबा म्हणाले हो ना, देव पाहू नाही राह्यला आमच्याकडे. मी मध्ये उभी. दोन व्याही एकाच देवाला उलटी निवेदनं देतायत.

विम्याचं पण एक आहे. केळीच्या हवामान विम्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सलग 3 दिवस किमान तापमान 8 अंश किंवा त्याखाली गेलं तर भरपाई. सलग. तीन. आमच्या महसूल मंडळाच्या हवामान यंत्रावर एका वर्षी सोमवारी 7.6, मंगळवारी 7.9 आणि बुधवारी 8.2. नवरा बुधवारी संध्याकाळी तो आकडा मोबाईलवर असा बघत होता की शेवटच्या बॉलवर एक रन कमी पडावी. दोन दशांशाने! केळीला काही कोणी विचारलं नाही, तिला बुधवारी बरं वाटलं का म्हणून.

या आकड्यांचं इथे सगळ्यांनाच वेड आहे हे मला हळूहळू कळलं. सकाळी पेपर आला की आबा आधी किमान तापमानाचा चौकोन बघतात. धुळ्याचे मामेसासरे मग फोन करतात, मुद्दाम. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला आकडा म्हणजे त्यांच्या घरातल्या पोराचे मार्क. "आमच्याकडे साडेपाच! तुमचं काय, आठ? मग ती काय थंडी." आबांचा चेहरा पडतो. पण दोघांचा खरा शत्रू निफाड. नाशिक जिल्ह्यातलं निफाड कधी कधी सगळ्यात खाली जातं आणि टीव्हीवर त्यांच्याच द्राक्षबागा दाखवतात, त्या दिवशी धुळे आणि जळगाव एक होतात. "निफाडचं यंत्र बिघाडलं असीन" यावर अख्ख्या खान्देशाचं एकमत आहे. वर नंदुरबारचे पाहुणे आले की तर सगळेच गप्प, कारण ते सांगतात की अक्कलकुव्याकडे डाब, मोलगीच्या डोंगरात गवतावरचं दव गोठून पांढरं झालं, आणि मोबाईलमधले फोटो काढून दाखवतात. त्याच्यापुढे साडेपाच काय करणार. आणि हीच माणसं मे महिन्यात परत 46 का 47 म्हणून भांडतात.

आता कूलरकांड. जानेवारी, दुसरं वर्ष, पहाटे पाच. रात्री लाईट गेली होती, मी अंधारात उठले आणि सवयीने ट्यूबचं बटण दाबलं, काही झालं नाही, शेजारचं दाबलं, काही झालं नाही, मग आणखी एक दाबलं आणि तसंच ठेवून मोबाईल शोधायला लागले. तेवढ्यात लाईट आली. ते तिसरं बटण कूलरचं होतं आणि त्याचा कान जूनपासून फुल्लवर पिळलेला. आधी एक घरघर झाली. मग गोणपाट आणि जिजींचं लुगडं बंदुकीतून सुटल्यासारखं सुटलं आणि सरळ खिडकीकडे झोपलेल्या माणसाच्या तोंडावर. त्याच्यामागून सहा महिन्यांची धूळ, निंबाचा पाला, वाळकं गवत आणि त्याच्यामागून, हे मी शपथेवर सांगते, बाहेरच्या जाळीमागून किंचाळत आमची मांजर पळाली, जी गेले दोन महिने कुठे झोपते याचा आम्हाला पत्ता नव्हता. लुगड्यात गुंडाळलेला नवरा "बिबट्या! बिबट्या!" ओरडत उभा. सहा अंशाचा वारा फुल स्पीडने खोलीत. आणि या सगळ्यावर अंगणातून आबांचा आवाज, "कोन्ही चालू केला रे कूलर? बिल येईन ना!"

त्या दिवशी जिजींनी निर्णय घेतला. कूलरचा प्लग काढला, बाजूची जाळी उघडली आणि दिवाळीला आवरून ठेवलेलं जुन्या कपड्यांचं अख्खं गाठोडं आत रिकामं केलं, टाकी गच्च. वारा बंद. इतकी साधी गोष्ट होती.

त्याच आठवड्यात माझा स्वेटर हरवला. हा स्वेटर साधा नव्हता. पहिल्या वर्षीची माझी कहाणी ऐकून आईने आयुष्यात पहिल्यांदा सुया कामाला लावून विणलेला, मोरपंखी रंगाचा, एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब. मी सगळं घर उलथं केलं. शाळेतल्या मरून ढिगात बघितलं. नवऱ्यावर संशय घेतला की केळीच्या रोपाला घातलास का, तो म्हणाला बघून ये, पाच हजार आहेत. आईला काय सांगायचं म्हणून फोनवर रोज खोटं, हो घातलाय, हो ऊबदार आहे.

त्या दुःखात भरीत पार्टी झाली. थंडीतलं एक सुख विचाराल तर हे, आणि इथे मी माहेराशी बेइमानी करून बोलते. आमच्याकडे वांग्याचं भरीत म्हणजे जेवणातला एक कोपरा. इथे भरीत म्हणजे कार्यक्रम. हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी, बामणोदची किंवा आसोद्याची, आणि त्यावरून पण भांडण. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली जीआय टॅग, म्हणजे हे वाण इथलंच असा सरकारी शिक्का, मिळाला, त्याच वर्षी केळीला पण, तरी कुठल्या गावचं वांगं हा प्रश्न काही मिटला नाही. शेतात रात्री पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी पूर्ण काळी होईपर्यंत टाकायची, मग सोलून लाकडाच्या बडगीत ठेचायची, मिरची लसूण वेगळी कुटून, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, वरून तेल. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. जाळाभोवती आम्ही वीस-पंचवीस माणसं. जाळाकडचं तोंड आणि गुडघे वांग्यासारखे भाजतायत, पाठ मात्र कुल्फी. मग सगळेजण दर पाच मिनिटांनी उलटे होतात, कोणी सांगत नाही, आपोआप. मी पण. लांबून बघणाऱ्याला वाटेल वांग्यांबरोबर माणसं पण परतायला ठेवलीत. पहिला घास घेतला तेव्हा मिरचीने डोळ्यातून, नाकातून पाणी, आणि मग नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा मला माझे कान जाणवले. गरम होते.

जिजींनी बघितलं आणि ताटात आणखी वाढलं. "खाय व, स्वेटर कशाले पाह्यजे."

होळी आली. आमच्याकडे होळीनंतर थंडी अशी जाते की निरोप पण घेत नाही, शुक्रवारी गोधडी आणि सोमवारी उघड्यावर झोपायचा विचार. पारा 38 ला गेला, नवरा कूलर साफ करायला घेतो म्हणाला. बादली, ब्रश, नवीन गवताच्या जाळ्या, सगळा सरंजाम. बाजूची जाळी उघडली आणि जागीच थांबला. मला हाक मारली, मग जिजींना मारली. आत गाठोड्यातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगावर, अगदी मधोमध, माझा मोरपंखी स्वेटर, आणि त्याच्या लांब बाहीत तीन पिल्लं. डोळे नुकते उघडलेले. मांजर वरून आमच्याकडे बघत होती, जागा तिची असल्यासारखी.

स्वेटर गाठोड्यात कसा गेला हे जिजींना विचारायची हिंमत माझ्यात नाही. आईला फोटो पाठवला, ती म्हणाली तरी बरं, कोणाला तरी बाही बरोबर झाली.

आज 41 आहे. आबा बाजेवर बसून पेपरनेच वारा घेतायत, नवऱ्याने फरशीवर पाठ टेकलीय, मी मामीच्या आगळाची शेवटची बाटली फोडली. कूलर बंदच. प्लगला हात लावायला गेलं की जिजी आतून ओरडतात, "ऱ्हाऊ दे व आठ दिस. पिल्लायले वारा लागीन."